तिसऱ्या रविवारची हरकत

टबीथाबाईला शिवणकाम येत होतं, पेटीवर गीतं म्हणता येत होती आणि वैर सांभाळता येत होतं. तिन्ही बाबतींत आष्ट्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पहिल्या दोन गोष्टींचं ख्रिस्ती मंडळीत सगळे कौतुक करत. तिसरीबद्दल मात्र बायका जपून बोलत, कारण पुढच्या खेपेला आपला ब्लाउज काखेत काचायचा की नाही, हे टबीथाबाईच्या हातात असे.

तिचं नाव आईनं शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, काढलं होतं. शास्त्रातली ती टबीथासुद्धा कपडे शिवायची, गरीब विधवांना द्यायची, मेली तेव्हा प्रेषितानं तिला नावानं हाक मारून उठवलं. आईला ही गोष्ट इतकी आवडायची की रोज सकाळी पोरीला उठवताना ती "टबीथे, ऊठ!" असं ओरडायची, आणि ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. शेजारच्या मराठ्यांच्या घरांतून सगळे तिला टबाक्का म्हणत, पण चिडवायचं असलं की त्यांनाही "टबीथे, ऊठ" आठवत असे.

आणि वैर होतं अहरोनदादाशी. अहरोनदादाची बसस्थानकाजवळ पिठाची गिरणी होती. तो मंडळीत वडील होता, म्हणजे पंचांतला एक. दान गोळा करायची थाळी त्याच्या हातात असायची आणि उपासना संपली की दारात उभं राहून सगळ्यांना "सलाम" करायचा मानही त्याचाच. त्या दारातून जाताना टबीथाबाई पाळकसाहेबांच्या हातात हात द्यायची, त्यांच्या बायकोला द्यायची, आणि मधला अहरोनदादाचा पुढे आलेला हात तसाच हवेत ठेवून पायरी उतरायची. दर रविवारी. हात पुढे करायचं त्यानं सोडलं नाही आणि तो टाळायचं तिनं सोडलं नाही.

कारण तसंच होतं. मंडळीत कोणाचं लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत त्याची सूचना वाचतात. अमक्याची मुलगी, तमक्याचा मुलगा, यांच्या विवाहाला कोणाची हरकत असेल तर त्यानं आत्ताच उभं राहून सांगावं, असं पाळक विचारतात. विचारतात आणि पुढं जातात. तेवढ्या वेळात बायका पोरांची नाकं पुसून घेतात, म्हातारे चष्मा शोधतात. आष्ट्याच्या मंडळीत हरकत घ्यायला कोणी उठल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. टबीथाबाईच्या रेश्माच्या लग्नाची तिसरी सूचना वाचली, तेव्हा अहरोनदादा उठला.

"पोरगी रातच्याला धैर्यशीलच्या मोटारसायकलवरनं उतरताना मी डोळ्यानं बघितलीय," तो म्हणाला. "मंडळीपासून लपवून कसं चालंल?"

वाईहून आलेली नवऱ्याकडची माणसं दुसऱ्याच बाकावर बसली होती. ती चहाला थांबली नाहीत. रेश्माचा बाप तेव्हा सांगलीत दवाखान्यात होता, ती त्याला डबा पोचवून येताना शेवटची एसटी चुकली आणि शेजारचा धैर्यशील, पलटणीतून सुट्टीवर आलेला, तिला घरापर्यंत घेऊन आला, एवढीच काय ती गोष्ट. धैर्यशीलनं स्वतः मंडळीच्या आवारात येऊन हे सांगितलं. पण तोवर वाईकरांनी दुसरी मुलगी बघितली होती. रेश्माचा बाप त्याच पावसाळ्यात गेला. दुखणं होतंच, पण "माझ्या डब्यापायी पोरीचं वाटोळं झालं" हे वाक्य घोकतच तो गेला, आणि ते वाक्य टबीथाबाईनं उशाशी बसून ऐकलं होतं. रेश्मा पुढं नर्सिंग शिकली, साताऱ्याला नोकरीला लागली आणि आष्ट्याच्या मंडळीच्या देवळात पुन्हा कधी बसली नाही.

अहरोनदादानं माफी मागितली का? नाव नको. पाळकांनी विचारलं तेव्हा तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या मनात काय वाईट न्हवतं, साहेब. देवानं उठवलं, मी उठलो. देवाची हाक आली की उशीर करायचा न्हाई, एवढंच मला ठावं."

हे शेवटचं वाक्य टबीथाबाईच्या मनात असं रुतलं की निघायचं नावच घेईना. मशीन चालवताना तेच, भाकरी थापताना तेच. माणसाला वाईट वागता येतं, ते ती समजू शकत होती. पण वाईट वागून वर देवाला साक्षीला उभं करायचं? त्या दिवसापासून तिची रोजची प्रार्थना एका ओळीची झाली. प्रभू, मला एकदा संधी दे.

आणि यंदा ती मिळाली. कोयनानगरला.

त्याआधी पंधरवड्यापूर्वीच अहरोनदादाच्या धाकट्या पोरीचा, दीपमालाचा, साखरपुडा झाला होता. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. नवरा मुलगा तीमथी, पाचगणीला मोठ्या हॉटेलात कामाला, हनुवटीवर ठळक तीळ, केस कपाळावर आणलेले. टबीथाबाईनं प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघितला होता. वैऱ्याच्या घरचं शुभकार्य माणूस जितकं बारकाईनं बघतं तितकं स्वतःच्या घरचंही बघत नाही.

कोयनानगरला प्रार्थनेची मोठी संजीवन सभा होती, तिला बायकांची गाडी गेली तेव्हा तीही गेली. दुपारच्या सुट्टीत मांडवात बायका दोघी-दोघी, तिघी-तिघी बसून एकमेकींसाठी प्रार्थना करत होत्या. टबीथाबाईच्या वाट्याला सलोमी नावाची एक पोरगी आली. बावीस-तेवीसची असेल, कडेवर वर्षाचं लेकरू, पायात तुटकी चप्पल.

"काय विनंती हाय तुझी?" टबीथाबाईनं विचारलं.

"नवऱ्यासाठी प्रार्थना करा, मावशी. पाचगणीला असत्यात. दिवाळीपास्नं घरला आलं न्हाईत. फोन लावला तर उचलत न्हाईत."

"लग्न कुठं लागलं तुमचं?"

"पाटणच्या म्होरं, मामाच्या अंगणात. प्रार्थना घेणाऱ्या भावांनी लावलं. साताठ माणसं हुती." आणि तिनं मोबाइल पुढं केला. काच फुटलेली होती, तरी मागं अंगण दिसत होतं, हार घातलेली सलोमी दिसत होती आणि शेजारी केस कपाळावर आणलेला, हनुवटीवर तीळ असलेला तीमथी.

टबीथाबाईला आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं? त्या पोरीची दया नंतर आली, दीपमालाचा विचार त्याच्याही नंतर आला. आधी अंगभर आनंदच झाला.

तिनं सलोमीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. प्रार्थनेचे शब्द ओठांवर आले, आणि तेवढ्यात आतून हाक आली. मोठा आवाज नाही, प्रकाश नाही. आई उठवायची तशीच हाक. टबीथे, ऊठ. जा. अहरोनच्या पोरीला सांग. आजच सांग.

ही हाक आपल्या मनाची नाही, हे तिला लगेच कळलं. तिच्या मनानं एवढ्या वेळात भलतंच काही ठरवायला घेतलं होतं आणि ही हाक त्याच्या बरोबर आडवी आली होती.

परतीच्या गाडीत बायका गीतं म्हणत होत्या. कराडपर्यंत वळणं काही संपत नाहीत आणि वळणागणिक टबीथाबाईचं मन एकेक पाऊल पुढं जात होतं. आज सांगितलं तर काय होईल? अहरोनदादा गपचूप साखरपुडा मोडेल. पत्रिका छापल्या नाहीत, वाच्यता झाली नाही, पोरगी सुटली, बापाची अब्रूही सुटली. वर तो थाळी घेऊन फिरताना सांगेल, देवानं आमाला वेळेत वाचवलं. म्हणजे रेश्माला भर मंडळीत उघडं पाडायचं आणि दीपमालाला मात्र झाकून, सावरून घरात घ्यायचं. हा कुठला न्याय?

इस्लामपूर आलं तेव्हा तिनं तोड काढली होती. देवानं ऊठ म्हटलंय ना? मी उठणार. तिसऱ्या सूचनेला उठणार. हाक तीन शब्दांची असो की तेरा, तिनं त्यातला एक उचलला आणि बाकीचे गाडीतच सोडून ती आष्ट्याच्या थांब्यावर उतरली.

पहिल्या रविवारी सूचना वाचली गेली. पाळकसाहेब नवीन होते, तरुण होते, आणि तरुण पाळकांना असते तशी त्यांना मोबाइलची उदाहरणं द्यायची हौस होती. त्या दिवशीचा उपदेश देवाच्या हाकेवर होता. "देवाचा फोन आला की पहिल्या रिंगला उचला," ते म्हणाले. "आपण काय करतो? नाव बघतो आणि फोन पालथा घालून ठेवतो. मग म्हणतो, सावकाश लावू." नेमका तेव्हाच दादासो शिक्षकांच्या खिशातला फोन वाजला आणि सगळी मंडळी हसली. टबीथाबाईही हसली. आपण तर उचललाय, असं तिचं म्हणणं होतं. बोलणं तेवढं बाकी आहे.

मंगळवारी भर दुपारी दीपमाला तिच्या दारात आली.

या घराची पायरी अहरोनदादाच्या घरातलं माणूस कधी चढलं नव्हतं. पोरीच्या हातात पांढरंशुभ्र कापड होतं, चेहरा घाबरलेला. "मावशी, ब्लाउज शिवून द्याल का? लग्नातला. दादांना ठाऊक न्हाई मी इकडं आलीय ते. पर तुमच्यावानी फिटिंग कोण देतं?"

टबीथाबाईनं कापड हातात घेतलं, बोटांत चोळून बघितलं. "चांगलं हाय. ये आत."

तिनं टेप गळ्यात टाकला, टाचण्या नेहमीप्रमाणे ओठांत धरल्या आणि माप घ्यायला लागली. खांदा, छाती, बाही. पोरगी दोन्ही हात पसरून उभी होती आणि बोलत होती. तीमथी किती साधा आहे, किती कमी बोलतो, सुट्टी मिळत नाही म्हणून कसा झुरतो. मग एकदम म्हणाली, "मावशी, रेश्माताईचं जे झालं ते आमच्या घरानं केलं. मी तवा शाळेत हुते. पर मला समदं आठवतंय. ताई भायेर पायरीवर बसली हुती आन् तिच्याजवळ कोण गेलं न्हाई. मला जावंसं वाटलं हुतं, आईनं हात धरला. दादा कवा म्हणतील न म्हणतील, मी म्हणते. आमचं चुकलं."

हाक आली. या खेपेला नुसती आली नाही, तिनं धरून हलवलं. सांग. ती तुझ्यासमोर उभी आहे. घरात दुसरं कोणी नाही. आत्ता सांग.

टबीथाबाईचा टेप पोरीच्या कमरेभोवती होता. एवढी लहान कंबर, एवढी सरळ पोरगी. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, आणि त्या काढून हातात घ्यायला कितीसा वेळ लागतो? पण तिला दिसत होते ते दोन बाप. शेवटचं वाक्य घोकणारा रेश्माचा बाप, आणि छातीवर हात ठेवून उभा असलेला हिचा बाप. माफी मागायची तर त्यानं मागावी. लेकीला पुढं घालून स्वतः गिरणीत बसायचं, याला माफी म्हणत नाहीत. दीपमालाला कोणी पाठवलेलं नव्हतं, ती आपल्या पायानं आली होती, हे टबीथाबाईला त्या क्षणी लक्षात घ्यायचंच नव्हतं.

तिनं टाचण्या तशाच ठेवल्या आणि मान हलवून पोरीला वळायला सांगितलं. पाठीचं माप घेतलं. पोरीला वाटलं, मावशींनी मान हलवली म्हणजे माफ केलं. जाताना ती वाकून नमस्कार करून गेली.

दुसऱ्या रविवारी सूचना वाचली गेली. "हरकत" हा शब्द आला तेव्हा अहरोनदादानं मान वळवून थेट टबीथाबाईकडे बघितलं. ती जागची हलली नाही. उलट गालातल्या गालात हसली. त्या हसण्यानं तो घामाघूम झाला, आणि ते बघून तिला रात्री पोटभर जेवण गेलं.

तिनं रेश्माला फोन लावला. तपशील सांगितला नाही, पण पोटात मावेनासं झालं होतं. "येत्या रविवारी ये आष्ट्याला. देवाच्या घरी न्याय हुतो की न्हाई, बघशील."

"आई, काय करायला निघालीयस तू?" रेश्मा म्हणाली.

"जे त्यानं केलं तेच. फरक एवढाच, की त्यानं खोटं सांगितलं, मी खरं सांगणार."

"काय खरं? कोणाबद्दल?"

"ते रविवारी."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला, वॉर्डातला गलका मागं राहिला. मग रेश्मा म्हणाली, "आई, माझ्या नावावर काही करू नको. मी ते कधीच टाकून दिलंय. माझं बरं चाललंय इथं. खरं असेल तर आज सांग, खोटं असेल तर कधीच सांगू नको. रविवार कशाला पाहिजे?"

"तुझ्यासाठी करतेय आन् मलाच शिकवतीस व्हय?" म्हणून टबीथाबाईनं फोन ठेवला. तिला लेकीचा राग आला. बरं चाललंय म्हणे! जिच्यासाठी इतकी वर्षं आपण निखारा पदरात बांधून फिरलो, तिलाच त्याची धग नाही, हे तिला सहन होईना.

मग तिनं ती गोष्ट केली, जी तिनं केली नसती तर कदाचित तिला माफ तरी करता आलं असतं. मांडवात घेतलेल्या नंबरावर तिनं सलोमीला फोन केला. "रविवारी आष्ट्याला ये, लेकराला घेऊन ये. आमची सगळी मंडळी तुझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना करील." पोरगी फोनवरच रडायला लागली. देवानं तुमाला माझ्यासाठी उभं केलं, मावशी, असं म्हणाली. टबीथाबाई म्हणाली, "व्हय बाई, देवानंच."

बुधवारी दीपमाला ब्लाउज न्यायला आली. लग्नाला अजून अवकाश आहे असं टबीथाबाई धरून चालली होती, पण पोरगी म्हणाली, "पाचगणीला सासूबाईंना दाखवायचाय," आणि पोरींना असते घाई, असं समजून तिनं तो घडी घालून दिला. उत्तम शिवला होता. वैर वेगळं आणि काम वेगळं, एवढी सचोटी तिच्यात होती. तिनं दाराशी उभं राहून पोरगी वळणाआड जाईपर्यंत बघितलं. पुन्हा आत काहीतरी म्हणालं, धाव. ती आत जाऊन मशीनवर बसली.

रविवारी तिनं ठेवणीतलं हिरव्या काठाचं पातळ नेसलं. पेटीवर बसणं टाळलं, घसा बसलाय म्हणून सांगितलं, आणि मधल्या वाटेलगत पुढून दुसऱ्या बाकावर बसली, म्हणजे उठल्यावर सगळ्यांना नीट दिसेल. सलोमी उशिरा पोचली. सकाळची पहिली गाडी चुकली होती. ती लेकराला पदराखाली घेऊन अगदी मागच्या बाकावर दाराजवळ बसली. टबीथाबाईनं मान वळवून तिला बघितलं आणि डोळ्यांनीच धीर दिला. तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं. ते तिनं स्वतः बनवलं नव्हतं, उसनं घेतलं होतं, आणि ज्याचं होतं त्यालाच ते परत करायचं होतं. देवानं उठवलं, मी उठले.

अहरोनदादा पुढं बसला होता, नवा शर्ट घालून. मान ताठ होती. घाम नव्हता.

पाळकसाहेब सूचनांवर आले. टबीथाबाईनं बाकाची कड धरली.

"आज तिसरी सूचना वाचण्याची गरज उरलेली नाही," पाळकसाहेब हसून म्हणाले. "ती वराच्या मंडळीत बुधवारच्या प्रार्थनेत वाचली गेली आणि गुरुवारी पाचगणी इथं दीपमाला आणि तीमथी यांचा विवाह घरच्या माणसांत पार पडला. घाईचं कारण कौटुंबिक आहे. नवदांपत्य आज आपल्यात आहे. त्यांनी आशीर्वादासाठी पुढं यावं."

अहरोनदादानं मागं वळून टबीथाबाईकडे बघितलं. घाईचं कारण तीच होती. स्वतः एकदा तिसऱ्या रविवारी उठलेला माणूस, तिसरा रविवार काय असतो हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? तिच्या त्या हसण्यानं तो जागा झाला होता, आणि लेकीचं लग्न तिच्या हातातून काढून घेऊन गेला होता. आता तो जिंकला होता आणि त्याच्या तोंडावर ते दिसत होतं.

बाजूच्या दारातून जोडपं आत आलं आणि मंडळीकडं तोंड करून उभं राहिलं. दीपमालाच्या अंगात तो पांढरा ब्लाउज होता. कुठं चुणी नाही, कुठं ओढ नाही. पोरगी पाचगणीहून तीन दिवसांत बाई होऊन आली होती आणि टबीथाबाईकडे बघून ओळखीचं, लाजरं हसली.

टबीथाबाई उठायला गेली नाही.  तिला एवढंच वाटत होतं की आता मागच्या बाकाकडं कोणीही बघू नये, सलोमीनं मान वर करू नये, लेकरानं रडू नये, छप्पर कोसळावं, काहीही व्हावं.

"अहो," मागून आवाज आला. फार हळू. "अहो, तुमी हितं?"

सलोमी लेकराला घेऊन मधल्या वाटेनं पुढं यायला लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तीच तर भयंकर गोष्ट होती. तिला वाटलं, प्रार्थना फळली. नवरा सापडला. ती अगदी जवळ येईपर्यंत, शेजारच्या पोरीची माळ आणि पांढरी साडी बघेपर्यंत, तिला काही कळलंच नाही. कळलं तेव्हा ती टबीथाबाईच्या बाकाशीच खाली बसली.

मग जे व्हायचं ते झालं. तीमथी आधी ओळखत नाही म्हणाला, मग ते लग्न खरं नव्हतं म्हणाला, आणि मग पाळकांच्या खोलीच्या दारानं निघून गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. बायका उभ्या राहिल्या, दादासो शिक्षक दाराकडं धावले, आणि अहरोनदादा, जो मंडळीत कधी खाली मान घालून बसला नव्हता, तो वेदीच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. इतकी वर्षं टबीथाबाईनं हेच मागितलं होतं. असंच, भर मंडळीत, असंच. देवानं एक कणही कमी दिला नव्हता.

तिनं ते बघितलं आणि तिला काहीच वाटलं नाही. पोटभर जेवण जावं असं काहीच नाही.

दीपमाला रडत नव्हती. ती खाली बसून सलोमीच्या लेकराकडं बघत होती. लेकराच्या हनुवटीवरही बारीकसा तीळ होता. तिनं सलोमीला विचारलं, "तुला हितं कुणी बोलावलं?"

सलोमीनं टबीथाबाईच्या बाकाकडं बोट दाखवलं.

दीपमाला उठून टबीथाबाईसमोर आली. "मावशी," ती म्हणाली, "तुमाला कवा कळलं?"

टबीथाबाईच्या जिभेवर अजून ते उसनं वाक्य होतं. ते तिनं गिळलं. आता दुसरं काही सांगता आलं असतं. परवा कळलं, काल कळलं. कोणाला पत्ता लागला नसता. पण खोटं तिच्यानं बोलवेना.

"पहिली सूचना वाचायच्या आदी," ती म्हणाली.

 पायरीवर अहरोनदादानं डोकं वर केलं आणि पुन्हा खाली घातलं. त्याला बोलायला तोंड नव्हतं आणि हे त्यालाही कळत होतं.

"म्हंजी मी तुमच्या घरी आले, तवा तुमाला ठावं हुतं."

"व्हय."

दीपमाला तिच्याकडं बघत राहिली. तिच्या बघण्यात राग असता तर टबीथाबाईला बरं वाटलं असतं. राग तिच्या ओळखीचा होता. पण पोरगी खरोखरच समजून घ्यायच्या धडपडीत होती. लहानपणापासून या बाईला ती पेटीवर गाताना बघत आली होती, हिच्याकडून गीतं शिकली होती.

"आन् इतक्या दिवसांत," तिनं विचारलं, "देवानं तुमाला काय सांगितलं न्हाई, मावशी?"

"सांगितलं हुतं," टबीथाबाई म्हणाली.